उशीचा विषय

संसदेचं कामकाज कशावर चालतं, असं कुणी विचारलं तर शहाणी माणसं घटना, बहुमत, वादविवाद वगैरे सांगतात. खरं सांगू? ते उशीवर चालतं. आणि ती उशी गेली सव्वीस वर्षं मी भरते आहे.

मी संसदेच्या सचिवालयात, कामकाज शाखेत आहे. सभागृहात कुठला विषय किती वाजता येणार, त्याचा रोजचा कागद मी करते. त्याला आम्ही कामकाजपत्रिका म्हणतो. कागद दिसायला पानभरच, पण तो करताना नाकी नऊ येतात, कारण गाठ सभासदांशी असते. पाच मिनिटं बोलायला दिली की त्यातली तीन आभार मानण्यात घालवणारी ही माणसं. एक गृहस्थ तर असे आहेत की, ते ‘मी अगदी थोडक्यात सांगतो’ म्हणाले की मी काही न बोलता पुढचा विषय वीस मिनिटांनी खाली सरकवते. मला सगळे मागून ‘घड्याळबाई’ म्हणतात. मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

तर, उशी. दिवसाच्या शेवटी एक असा विषय ठेवायचा, जो वेळ कमी पडल्यावर बिनबोभाट वगळता येईल. वरचे सगळे वेळ खाणारे धक्के त्यानं सोसायचे. उशीला वजन हवं, म्हणजे पत्रिका भरगच्च दिसते. पण ती काढली तर कुणी बोंब मारता कामा नये. रस्त्यांचा विषय उशी म्हणून चालत नाही, रस्त्यांवरून माणसं अंगावर येतात. पाणीपट्टी तर मुळीच नाही. चार वर्षांपूर्वी मला अशी झकास उशी सापडली की मी स्वतःवरच खूश झाले. ‘आंतरराष्ट्रीय परिषदेत दिलेल्या शाश्वत विकासाच्या वचनांच्या प्रगतीवर चर्चा’. वाचतानाच धाप लागते. आमचं सरकार परदेशी जाऊन, इतर शेकडाभर देशांच्या मांडीला मांडी लावून सह्या करून आलं होतं. गरिबी हटवू, पाणी शुद्ध देऊ, शाळा नीट करू, नद्या घाण करणार नाही, अशी ठरावीक मुदतीची मोठी यादी होती. सह्या झाल्या, फोटो छापून आले आणि यादी कपाटात गेली. आता यावरची चर्चा राहिली तर ओरडणार कोण? जग काही माझ्या टेबलाशी येऊन उभं राहणार नव्हतं.

चार वर्षांत तो विषय मी अकरा वेळा शेवटी ठेवला. अकराही वेळा सभागृह ‘वेळेअभावी’ त्याच्याआधीच तहकूब झालं.

ज्यांनी तो विषय मांडला होता त्या सभासदबाईंना मात्र कुणी हे उशीचं शास्त्र सांगितलं नव्हतं. त्या राजकारणात येण्याआधी तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे. पाचव्या ओळीत, खांबाच्या शेजारी त्यांची जागा. विषय पत्रिकेवर असला की त्या सकाळपासून निळी फाईल मांडीवर घेऊन बसायच्या. बाकीचे चहाला जायचे, डुलक्या काढायचे, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवायचे. या बसून. संध्याकाळी अध्यक्ष उठले की त्या फाईलची नाडी बांधायच्या, माझ्या टेबलाशी यायच्या आणि विचारायच्या, "मग, पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी नक्की, बाई," मी म्हणायचे.

अकरा वेळा म्हटलं. माझ्या लक्षात आहे, कारण मोजणं हाच माझा धंदा.

सभागृहाच्या मुदतीचा शेवटचा आठवडा आला. पाच वर्षांची मुदत संपली की सभागृह विसर्जित होतं आणि जे विषय पडून राहिले असतील ते आपोआप बाद होतात. पुढच्या सभागृहात ज्याला हवं त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. त्या सोमवारी बाई माझ्या खोलीत आल्या. माझ्या खोलीत पाहुण्यासाठी एकच खुर्ची आहे आणि माझ्या स्वतःच्या खुर्चीची पाठ तुटलेली आहे. मी घरून आणलेली उशी कमरेला लावून बसते. आम्हा कर्मचाऱ्यांना नव्या खुर्च्या द्याव्यात असा एका समितीचा अहवाल सहा वर्षं तयार आहे, पण तो सभागृहापुढे यायचा आहे. म्हणजे तुम्ही समजून घ्या.

"मला यावेळी तिकीट नाही," बाई बसत म्हणाल्या. "माझ्या जागी टाइल्सच्या कारखानदाराला दिलंय. त्याचं मला काही वाटत नाही. पण शुक्रवारी माझा विषय कितवा आहे?"

"नववा."

"एकूण किती?"

"नऊ," मी म्हटलं आणि उगाचच स्टेपलर उचलून बघू लागले.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसांना हाताळायची मला सवय आहे. त्या म्हणाल्या, "मला मतदान नको, ठराव नको. फक्त सभागृहात एकदा तो विषय बोलला गेला पाहिजे, नोंदीत आला पाहिजे. आमच्या शाळेतल्या मुलींना मी ती वचनं वाचून दाखवली होती. जे कबूल केलं त्यावर संसदेत बोलतात, असं मीच त्यांना शिकवलं. त्या दरवेळी विचारतात, बाई, झालं का बोलून? मी म्हणते, होईल. शुक्रवारनंतर तेही म्हणता येणार नाही."

त्या गेल्यावर मी पत्रिका पुन्हा उघडली. नऊ नंबर तिथेच होता. तो मीच तिथे ठेवला होता.

घरी गेले तर स्वयंपाकघरातला नळ नेहमीसारखा टपटपत होता. आमच्या फ्रिजवर माझ्या नवऱ्याची कामांची यादी चिकटवलेली असते. माणूस विमा कंपनीत आहे, यादीशिवाय जेवत नाही. यादीत सगळ्यात खाली ‘नळ’. चार वर्षं खाली. वरची कामं बदलतात, नळ हलत नाही.

"अहो, चार वर्षं झाली!" मी पिशवी टेबलावर आपटून म्हणाले. "दर रविवारी तुमचं सगळं उरकतं आणि नळाशी आलं की रविवार संपतो! लाज नाही वाटत?"

नवरा चष्म्यावरून माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "अगं, शेवटी काहीतरी ठेवावंच लागतं ना. नळ वर घेतला तर खाली काय ठेवू?"

सव्वीस वर्षं मी सभासदांना हेच वाक्य ऐकवत आले होते. मी पिशवी उचलून खुंटीला अडकवली. तो बिचारा आपण भांडण जिंकलं म्हणून घाबरला आणि उठून स्वतःच चहा करू लागला.

दुसऱ्या दिवशी मी प्रतोदांना गाठलं. प्रतोद म्हणजे सरकारी पक्षाची माणसं गोळा करणारा, कुणी कधी हजर राहायचं, कधी गप्प बसायचं हे ठरवणारा माणूस. उंच, देखणे, केसांना जेल. त्यांचा फोन कानाला चिकटवूनच ते जन्माला आले असावेत.

"साहेब, शुक्रवारचा नववा विषय जरा वर घेता येईल का?"

"नववा कुठला?"

"शाश्वत विकासाची वचनं."

"मॅडम, तब्येत बरी आहे ना?" ते खरंच काळजीनं म्हणाले. "शेवटचा दिवस! लोकांच्या बॅगा भरून तयार आहेत. पत्रिका समितीनं मंजूर केली, ती आता बदलायची नाही. आणि दुपारनंतर फोटो आहे. फोटोच्या दिवशी वचनं कसली काढता?"

इथे फोटोबद्दल सांगायला हवं. दर पाच वर्षांनी सभागृह संपताना मुख्य पायऱ्यांवर सगळ्या सभासदांचा ग्रुप फोटो निघतो आणि कायमचा मोठ्या व्हरांड्यात लागतो. कायदे येतात, कायदे जातात, फोटो राहतो. त्यामुळे सभासद कुठल्याही विधेयकापेक्षा फोटोची जास्त तयारी करतात. नवे कपडे शिवतात, केस काळे करतात, कुणी महिनाभर रात्रीचं जेवण सोडतं. घरची माणसंही बघायला येतात. आणि मागच्या वेळचा फोटो फसलेला होता. बरोबर डोळ्यांवर ऊन आल्यामुळे अख्खं सभागृह लिंबू चोखल्यासारखं दिसत होतं, आणि मधोमध बसलेल्या अध्यक्षांचा एक डोळा पूर्ण मिटलेला होता. अध्यक्ष तेच, अजूनही तेच. पाच वर्षं ते रोज त्या फोटोसमोरून मान फिरवून जात होते.

फोटोचं परिपत्रक कोण काढतं? कामकाज शाखा. म्हणजे मी.

मी कपाटातून जुनी परिपत्रकं काढली. सगळ्यात जुन्यात लिहिलं होतं: ‘कामकाजपत्रिकेवरील शेवटचा विषय पूर्ण होताच सभासदांनी आपापल्या आसनावरून, ओळीने, फोटोसाठी बाहेर यावे. आसनावर नसलेल्या सभासदांची व्यवस्था मागील रांगेत करण्यात येईल.’ नंतरच्या लोकांनी यात नुसती वेळ घालायला सुरुवात केली होती, कारण शेवटचा विषय कधी पूर्ण होतच नसे. मी फक्त वेळ काढून टाकली. बाकी शब्द न शब्द जुनाच ठेवला. कुणी चौकशी केली असती तर मी पूर्वपरंपरा दाखवली असती. सचिवालयात पूर्वपरंपरा दाखवली की माणसं टोपी काढतात.

मग मी फोटोवाल्यांना फोन केला. हे वयस्कर गृहस्थ पाच सभागृहांचे फोटो काढून बसले आहेत. त्यांना मंत्रीबिंत्री काही दिसत नाही, फक्त हनुवट्या दिसतात.

"पायऱ्यांवर ऊन डोळ्यांवरून कधी जातं हो?"

"साडेचार," ते म्हणाले. "मागच्या वेळी मी बोंबलून सांगितलं होतं. चारला काढा म्हणाले. भोगा म्हणावं."

"यावेळी तुम्ही म्हणाल तेव्हाच."

"मॅडम," ते म्हणाले, "हे ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो."

परिपत्रकावर प्रतोदांची सही लागते. मी व्हरांड्यात त्यांच्यासमोर कागद धरला. त्यांनी फोनवर कुणालातरी ‘हो हो, बघतो बघतो’ म्हणत, कागद भिंतीला टेकवून सही ठोकली. वाचलं नाही. मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

शुक्रवार उजाडला. पहिले आठ विषय असे पळाले की काय सांगू. ‘अगदी थोडक्यात’वाले गृहस्थ खरोखर थोडक्यात बोलले, कारण त्यांच्या नव्या कोटाखाली त्यांना घाम फुटत होता. कुणी कुणाला अडवलं नाही, कुणी घोषणा दिल्या नाहीत. मारामारीत कपडे चुरगळतात. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी आठवा विषय संपला. पाचव्या ओळीत बाई सरळ बसल्या होत्या, मांडीवर निळी फाईल.

प्रतोद उठले. नेहमीचं वाक्य त्यांना झोपेतही येतं. "अध्यक्ष महोदय, शेवटचा विषय वेळेअभावी—"

आणि ते थांबले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. तीन सव्वीस. वेळेचा अभाव कुठेच दिसत नव्हता.

"आपण फोटोसाठी जाऊ या," ते म्हणाले.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी परिपत्रक पुढे केलं. त्याच्याखाली फोटोवाल्यांची चिठ्ठी टाचली होती: ‘साडेचारच्या आधी नाही. डोळे मिटतील. व्हरांड्यातला फोटो पाहावा.’

अध्यक्षांनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांचा हात नकळत स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे गेला. मग त्यांनी सभागृहाकडे बघितलं. बाहेर रणरणतं ऊन, आत गार हवा. वर प्रेक्षकांच्या सज्जात बायका, नवरे, आया, मुलं दाटीवाटीनं बसलेली. आणि जागा सोडली तर मागची रांग. कुणी हलेना. अध्यक्षांनी माईक जवळ ओढला आणि सव्वीस वर्षांत मी जे दोन शब्द त्या खुर्चीवरून कधी ऐकले नव्हते ते उच्चारले.

"वेळ आहे."

नंतर म्हणाले, "विषय क्रमांक नऊ."

बाई उभ्या राहिल्या. फाईलची नाडी सोडू लागल्या. चार वर्षांत ती नाडी अकरा वेळा बांधली गेली होती, आणि आता गाठ काही सुटेना. सगळं सभागृह बघत होतं. मला वाटलं, झालं, गाठीतच सगळा वेळ जाणार. शेवटी त्यांनी फाईल बाजूला सारली.

"भाषण यात आहे," त्या म्हणाल्या, "पण गाठ सुटत नाहीये. असू दे, तोंडपाठ आहे."

हशा झाला. त्या थांबल्या, हशा संपू दिला आणि मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "आपण जगासमोर जी वचनं दिली, ती ज्यांनी वाचली आहेत त्यांनी हात वर करा."

तो आवाज असा होता की एकशे सोळा माणसं आपोआप ताठ बसली. हात तीन वर झाले. एक बाईंचा स्वतःचा. एक विरोधी पक्षातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा. तिसरा एका मंत्र्यांचा, पण बाईंनी त्यांच्याकडे बघून "छान, एक सांगा बघू" म्हटल्यावर तो खाली आला. सज्जातली पोरं खो खो हसली. मंत्र्यांची आई हसली नाही. ती वाकून खाली बघत होती, आणि त्या नजरेसमोर कुठलंही खातं टिकलं नसतं.

मग बाई बोलल्या. मोठं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यातलं एक वचन, प्रत्येक शाळेत पाणी. आमच्या शाळेत पंप आहे, पाणी नाही. मी हजेरी दोनदा घ्यायचे. सकाळी एकेचाळीस मुली, दुपारी सव्वीस. बाकीच्या मधल्या सुट्टीत घरी जायच्या, कारण पाण्याशिवाय शाळेतलं स्वच्छतागृह वापरता येत नाही. घरी गेलेल्या मुलीला परत कोण पाठवतं? घरात काम असतंच. मी हे वचन त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा एकीनं विचारलं, कधी? मी म्हटलं, संसदेत बोलणं झालं की. चार वर्षं झाली. विचारणाऱ्या मुलींपैकी दोघींची लग्नं झाली. आता त्या विचारत नाहीत."

माझ्यासमोर स्टॉपवॉच चालू होतं आणि मी ते बघायचं विसरले होते. मला रडू येत होतं, सरळ सांगते. अकरा वेळा मी ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हटलं, त्यातल्या कुठल्या वेळी त्या दोघींची लग्नं ठरली असतील, ते माझ्या डोक्यातून जाईना.

बाई अकरा मिनिटं बोलून बसल्या. मला वाटलं, संपलं. पण सज्जात घरची माणसं होती, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. डॉक्टर उठले. मग टाय लावलेले दोघं उठले. मग हात खाली घेणारे मंत्री आईच्या नजरेखाली उठले आणि म्हणाले, माझंही त्यावर मत आहे. बोलणाऱ्यांची यादी चार, सात, चौदा अशी वाढत गेली. प्रतोद सगळ्यांना बसा बसा म्हणून खुणावत होते, तेवढ्यात वरून त्यांच्या लेकीनं त्यांना ‘तुम्ही पण बोला ना’ अशी हातानं खूण केली. प्रतोदांनी कधी नव्हे तो फोन बंद केला, केसांवरून हात फिरवला आणि त्यांच्या गावच्या नदीवर सात मिनिटं बोलले. ते लहानपणी तिथे पोहायला शिकले होते, हे पक्षालाही माहीत नव्हतं. आता त्या पाण्यात पाय घालवत नाही, असंही म्हणाले. माझं त्यांच्याबद्दलचं मत थोडं सुधारलं. थोडंच.

साडेचार वाजले. दारात फोटोवाले घड्याळ दाखवू लागले. पाच वाजले. ते आकाश दाखवू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच वेळ पुरत नव्हता आणि मी कुणाला घंटी मारत नव्हते.

पावणेसहाला ज्यांच्या खात्याकडे हा विषय होता ते दुसरे मंत्री उत्तराला उभे राहिले. या दिवसासाठी त्यांच्या खात्यानं चार वर्षांपूर्वी उत्तर तयार केलं होतं. तीच फाईल दरवेळी गाडीतून येत होती आणि न उघडता परत जात होती. मंत्र्यांनी ती पहिल्यांदाच उघडली आणि खणखणीत वाचून काढली. ‘प्रत्येक शाळेतील पाण्याची पाहणी तातडीने हाती घेण्यात येईल आणि त्याचा अहवाल येत्या सहा महिन्यांत सभागृहासमोर ठेवण्यात येईल.’ अधिकाऱ्यांच्या बाकावर खात्याच्या सचिवांनी कपाळाला हात लावला. चार वर्षांपूर्वीचे सहा महिने आज ताजे होऊन बाहेर पडले होते. सभागृहात मंत्री जे बोलतो ते आश्वासन ठरतं, त्याची नोंद होते, आणि चर्चेचे विषय बाद झाले तरी आश्वासन बाद होत नाही. सरकार बदलो, मंत्री बदलो, त्यासाठी वेगळी समिती वहीत नाव लिहून बसलेली असते.

बाईंनी बाक वाजवलं. मग सगळ्यांनी वाजवलं. मंत्र्यांना वाटलं भाषण आवडलं. त्यांनी वाकून अभिवादन केलं.

फोटो निघाला तेव्हा सूर्य गेला होता. नवे कोट, काळे केस, महिनाभराचा उपवास, सगळं संधिप्रकाशात बुडालं. फोटोवाले चिडून लाल झाले होते. पण एक आहे, ऊन नसल्यामुळे डोळे सगळ्यांचे उघडे आले. अध्यक्षांचेही, दोन्ही.

"मॅडम, हे तुम्ही केलंत," प्रतोद पायऱ्या उतरताना म्हणाले.

"मी फक्त वेळापत्रक करते, साहेब," मी म्हटलं. "सही तुमची आहे."

मी कागद आवरायला आत आले तर बाई माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. सवयीनं माझ्या तोंडावर ‘पुढच्या वेळी’ आलंच होतं, ते मी गिळलं.

"बाई, मला एक सांगायचंय," मी म्हटलं. "तुमचा विषय शेवटी दरवेळी मीच ठेवत होते. मुद्दाम. वगळायला सोपा म्हणून."

"मला पहिल्याच वेळी कळलं होतं," बाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. ती गाठ त्या अजून नखानं सोडवत होत्या. "शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं मी करायचे. शनिवारी शेवटचा तास चित्रकलेचा. काहीही राहिलं, गणित, तपासणी, पाहुणे, की चित्रकला रद्द. चित्रकलेचे सर दर शनिवारी रंगांची पेटी घेऊन यायचे, दाराशी उभे राहायचे. मी म्हणायचे, पुढच्या शनिवारी नक्की, सर. ते निवृत्त झाले. मी त्यांना एकही शनिवार दिला नाही." गाठ सुटली. त्यांनी नाडी बोटाला गुंडाळली. "तुम्ही ‘नक्की’ म्हणायचात ना, तेव्हा मला सरांचा चेहरा दिसायचा. तुमच्यावर कुठल्या तोंडानं रागवू?"

त्या फाईल माझ्याकडेच ठेवून गेल्या.

मी घरी आले तर नळ गप्प होता. नवऱ्यानं तो दुरुस्त केला होता, यादीत पहिला घेऊन. मी आनंदानं पंखा लावला तर तो डोक्यावर खडखडू लागला. यादीत आता तळाशी ‘पंखा’ होता.

दोन महिन्यांनी नवं सभागृह बसलं. पाचव्या ओळीत खांबाशेजारी टाइल्सचे कारखानदार आले. मी पहिल्या दिवसाची पत्रिका करायला घेतली. एक नंबरला लिहिलं, ‘शाळांतील पाण्याबाबत दिलेले आश्वासन: सद्यःस्थिती’. दोन ते आठ भरले. नऊशी आले आणि पेन अडलं.

नव्यानं मांडलेल्या विषयांचा गठ्ठा समोर होता. एकेक कागद उचलला. अंध मुलांची पुस्तकं. वर सही कुणा नव्या सभासदाची; तो माणूस सकाळपासून बसणार. जुन्या पुलाची पाहणी. त्यालाही कुणीतरी असणार, फाईल मांडीवर घेऊन. पूर्वी मी हे कागद पत्त्यांसारखे पिसायचे. आता प्रत्येकाच्या मागे कुणीतरी रंगांची पेटी घेऊन दाराशी उभं होतं. तासभर गेला, उशी काही सापडेना.

मग गठ्ठ्याच्या तळाशी एक पिवळा पडलेला अहवाल दिसला. ‘सचिवालयीन कर्मचाऱ्यांना नवीन खुर्च्या पुरविण्याबाबत’. सहा वर्षांपूर्वीचा; समितीचे अहवाल सभागृहाबरोबर बाद होत नाहीत. त्याच्यासाठी कोण बसून राहणार, ते मला पक्कं माहीत होतं.

मी नऊ नंबरला तो लिहिला, कमरेमागची उशी नीट केली आणि टेकून बसले.